खुर्चीवरची बाई

६ फेब्रुवारी

ताई,

फोन उचलत नाहीस, मेसेज पोचत नाहीत, तेव्हा आता कागद. कागदाला ब्लॉक करता येत नाही. फाडता येतो, पण फाडण्याआधी तू वाचशीलच. औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची चिठ्ठीसुद्धा शेवटपर्यंत वाचणारी बाई तू. म्हणून तर कुरिअरने पाठवतेय.

बाबांची उजव्या हाताची बोटं हलायला लागली का? घाबरू नकोस, सल्ला देत नाहीये. नुसतं विचारतेय. ‘लांबून शहाणपणा करायचा असेल तर फोन करू नकोस’ म्हणालीस, बरं, नाही करत शहाणपणा. झटका येऊन वर्ष होत आलं, एवढं तर विचारू शकते ना मी? माझेही बाबा आहेत ते.

मी ठीक. ऑफिस अजून तिथेच, गादीच्या दुकानावर. मूठभर माणसं आणि एक मालक. तो स्वतःला मालक म्हणवून घेत नाही. ‘मी फक्त इथला सगळ्यांत जुना कर्मचारी’ असं म्हणतो, आणि मग हा सगळ्यांत जुना कर्मचारी आमच्या रजा नामंजूर करतो. आम्ही पाठीमागे त्याला वडीलधारे म्हणतो. चित्रं, रंग, अक्षरं बघणारा एक मुलगा आहे, तो रंगारी. शर्टावर कायम काहीतरी सांडलेलं असतं, म्हणून नाही, खरंच रंग बघतो म्हणून. शब्द लिहिणारी मी. बाकीचे फोन करतात आणि चहा पितात.

तुला कधी सांगितलं नाही आम्ही काम कसं करतो ते. तू विचारलंही नाहीस म्हणा. नवीन गिऱ्हाईक आलं की मीटिंगच्या खोलीत एक खुर्ची रिकामी ठेवतात. ती खुर्ची माल विकत घेणाऱ्याची. आमच्यातलं कोणीतरी तिच्यावर जाऊन बसतं आणि तेवढा वेळ तो माणूस होतं. बाकीचे प्रश्न विचारतात. सकाळी डोळे उघडल्यावर पहिलं काय डोक्यात येतं? कशाची लाज वाटते? कोणावर राग आहे? खुर्चीवरच्याने विचार करत बसायचं नाही, तोंडाला येईल ते बोलायचं. रंगारी लिहून घेतो. त्यातूनच जाहिरातीची ओळ निघते. मी आत्तापर्यंत दाढ दुखणारा ट्रकवाला झालेय, नवं घर बघणारी नवरी झालेय, कुत्र्याला घाबरणारा सासरा झालेय. सासरा तर असा झाले की वडीलधारे डोळे पुसून हसले. आता कोणी बघतच नाही दुसऱ्याकडे. ‘तू बस गं’ म्हणतात, की मी बसते.

तू म्हणशील, एवढं सगळं मला कशाला सांगतेयस. असंच. रविवार आहे, खोलीत बसवत नाही. दोनदा खाली जाऊन आले. काही आणायचं नव्हतं.

हां, एक विचारायचं होतं. बाबांना कुठे हलवायचा वगैरे विचार नाही ना तुझा? सहज. असला तर घाई करू नकोस. एक मार्च काही पळून जात नाही.

तुझी भिंगरी

९ फेब्रुवारी

ताई,

कुरिअरवाल्याच्या हातात पाकीट दिलं आणि रस्त्यावरच कपाळावर हात मारला. मी तारीख लिहून बसले. तुला आतापर्यंत पत्र मिळालं असेल आणि तू विचार करत असशील, हिला एक मार्च कुणी सांगितला? शेजारच्या काकूंवर संशय घेऊ नकोस. त्या बिचाऱ्या माझाही फोन उचलत नाहीत, तुझ्याच बाजूच्या आहेत.

सांगते. पण सगळं ऐक, मध्येच पत्र टाकू नकोस.

ज्येष्ठांच्या त्या निवासाची जाहिरात तू पाहिलीस. रस्त्यावरच्या फलकावर, नाहीतर फोनवर. पिवळी भिंत, खिडकीतली बाई, आणि खाली नंबर. तू नंबर लावलास. त्या नंबरवरचे सगळे फोन रेकॉर्ड होतात. तिकडची मुलगी सुरुवातीला सांगते तसं, पण कोण लक्ष देतं? आणि ते फोन दर सोमवारी आमच्या ऑफिसात येतात. आम्ही सगळे बसून ऐकतो. कोणत्या शब्दाने माणसाने फोन केला, कुठे अडखळला, काय विचारलं, ते बघायला. जाहिरात आमची आहे, ताई. ते निवास आमचं गिऱ्हाईक.

गेल्या आठवड्यातल्या सोमवारी मी बिस्किट खात बसले होते. आणि तुझा आवाज आला.

‘माहिती हवी होती,’ म्हणालीस. कित्येक महिने मी ज्या आवाजासाठी नंबर फिरवतेय तो आवाज टेबलावरच्या स्पीकरमधून, सगळ्यांसमोर. मी बिस्किट परत बशीत ठेवलं. तू बाबांचं वय सांगितलंस, झटक्याचं सांगितलंस. मग ती मुलगी म्हणाली, घरात आणखी कोण आहे बघणारं? तू म्हणालीस, ‘कोणी नाही. मी एकटीच.’ लगेच म्हणालीस. जराही थांबली नाहीस.

मग तू विचारलंस, ‘ते पलंगाजवळचं बटण जाहिरातीत आहे, ते डाव्या हाताला येईल का? त्यांचा उजवा चालत नाही.’ ती म्हणाली येईल. तू म्हणालीस, मग एक मार्चपासून जागा ठेवा.

फोन ठेवता ठेवता आणखी एक विचारलंस. ‘ती जाहिरात कोणी लिहिली हो? नाही, सहज. वाटलं, कोणीतरी आमच्या घरात बसून लिहिलीये.’

खोलीत टाळ्या वाजल्या. रंगारी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘ऐकलंस? अगदी तुझी खुर्चीवरची बाई!’ मी हसले. काय करणार होते? हसले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

तुझा मला राग आलाय. कोणी नाही काय? मी मेलेय का?

भिंगरी

१२ फेब्रुवारी

ताई,

मागच्या पत्रात शेवटी ओरडले, ते राहू दे. पत्र गेलं, परत कसं घेणार.

आज ऑफिसातल्या एकीच्या फोनवरून तुला फोन लावला. उचललास. ‘हॅलो’ म्हणालीस. मागे बाबा खोकत होते. पुन्हा ‘हॅलो, कोण?’ म्हणालीस आणि माझ्या तोंडातून आवाजच फुटेना. दिवसभर लोकांच्या तोंडी शब्द घालणारी मी! मी ठेवून दिला. ती मुलगी म्हणाली, कोण होतं गं? म्हटलं, राँग नंबर.

तू विचारलंस ना, कोणी लिहिली. मी. ते तुला कळलंच असेल एव्हाना. पण तेवढंच नाही.

निवासवाले साहेब पहिल्यांदा आले तेव्हा खुर्ची मांडली. वडीलधारे म्हणाले, ‘चाळिशीची बाई, घरी अंथरुणाला खिळलेले वडील, दुसरं कोणी नाही. बस.’ मी बसले. मला वाटलं, सासऱ्यासारखं करीन काहीतरी. रंगाऱ्याने विचारलं, सकाळी उठल्यावर पहिलं काय डोक्यात येतं? आणि मी म्हणाले, ‘उठण्याआधी ऐकते. श्वास चालू आहे का ते. चालू असला की हायसं वाटतं, आणि मग पुढच्या क्षणी वाटतं, म्हणजे आजही.’

ते तू बोलली होतीस. शेवटच्या त्या फोनवर, रडत. मी तेव्हा ‘ताई, मी मीटिंगमध्ये आहे’ म्हणून ठेवला होता. पण ऐकलं होतं सगळं. शब्द न् शब्द.

लाज कशाची वाटते? ‘लोकांनी विचारलं की बाबा कसे आहेत, आणि मी कशी आहे ते कोणी विचारलं नाही, तर राग येतो. त्याची.’ हेही तुझंच. कोणावर राग आहे? तिथे मी जरा अडखळले. मग म्हणाले, ‘जे लांब आहेत त्यांच्यावर.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि शेवटी वडीलधाऱ्यांनी विचारलं, बाई, आमच्याकडून तुम्हाला काय ऐकायचंय? मी म्हणाले, ‘मी वाईट मुलगी नाही. मी फक्त थकलेय.’

निवासवाले साहेब चष्मा काढून बसले. वडीलधाऱ्यांनी टेबलावर बोट आपटलं: ‘हीच ओळ.’ आता ती गावभर लागलीये. तुझं रडणं, ताई, माझ्या नावावर.

आणि तुला खरं सांगू? त्या दिवशी संध्याकाळी मी खूश होते. सगळ्यांनी कौतुक केलं, मी तरंगत घरी गेले. रस्ता ओलांडताना कुठेतरी तुझी आठवण आली आणि मी विचार दुसरीकडे वळवला.

आता बसवत नाही, निजवत नाही. नखं संपली खाऊन. तिकिटाचं पान उघडते, तारीख टाकते, बंद करते. बाकीचं उद्या लिहिते. बाकीचं जास्त महत्त्वाचं आहे.

१३ फेब्रुवारी

ताई, कालचं पत्र टाकलंच नव्हतं, त्यातच हे घालते.

बटणाबद्दल.

फोटो काढायला आम्ही निवासात गेलो होतो. जागा वाईट नाही, म्हणजे भिंती वगैरे. पिवळा रंग आमच्याच आग्रहाने दिलाय, एकाच खोलीला. खिडकीतली बाई तिथे राहणारी नाही, रंगाऱ्याची मावशी आहे. जे खरोखर राहतात त्यांना व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलं होतं, फोटोत येऊ नयेत म्हणून. बसवलं कोणी? मी. ‘जरा इकडे बसूया हं आजोबा’ म्हणत एकेकाचा हात धरून. एका आजोबांनी विचारलं, जेवण इथे मिळणार आहे का? मी हो म्हणाले. मला काय माहीत!

पलंगाजवळ लाल बटण होतं. छान दिसत होतं. मी दाबलं. कोणी आलं नाही. परत दाबलं. मग खाली वाकून पाहिलं तर वायर पलंगाच्या मागे जाऊन नुसती लोंबत होती. मदतनीस बाई तिथून जात होती, ती हसली. म्हणाली, ‘ते दाखवायचं आहे हो. रात्री अख्ख्या मजल्याला मी एकटी, वाजवून करणार काय?’

मी परत येऊन लिहिलं: ‘एक बटण दाबा, माणूस हजर.’

डाव्या हाताला येईल का, विचारत होतीस ना. येईल. डाव्या हाताला येईल आणि बाबा दाबत बसतील. त्यांना पाणी हवं असेल, कूस बदलायची असेल, आणि ते दाबत बसतील. आणि त्यांना वाटेल की कोणी यायचंच नाहीये. मी हे डोळ्यासमोरून हलवूच शकत नाही.

नको नेऊस त्यांना. माझं ऐकू नकोस हवं तर, एकदा जाऊन स्वतः बटण दाब.

भिंगरी

१८ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. कुरिअरच्या कागदावर तुझी सही आहे, म्हणजे मिळतायत.

आज वडीलधाऱ्यांकडे गेले. म्हटलं, बटणाची ओळ काढा. त्यांनी चहा मागवला. चहा मागवला की समजायचं, काम होणार नाही. म्हणाले, ‘साहेब म्हणतात बटण आहे. तू म्हणतेस, बटण आहे पण चालत नाही. म्हणजे बटण आहे यावर दोघांचं एकमत आहे.’

‘माणूस हजर असं लिहिलंय आपण.’

‘तूच लिहिलंयस.’

‘म्हणूनच म्हणतेय ना, काढा.’

‘अगं, आपण जाहिरात करतो, वायरिंग नाही. आणि तुला आत्ताच काय झालं? दोन महिने झाले ओळ लागून.’

मी सांगितलं. म्हणजे सगळं नाही, एवढंच की माझ्या ओळखीतलं एक माणूस तिथे जातंय. ते वाईट नाहीत, ताई. स्वतःच्या आईच्या आजारपणात त्यांनी दोन नोकऱ्या सोडल्या असं म्हणतात. खालच्या आवाजात म्हणाले, ‘मग तुझ्या माणसाला सांग ना, जाऊ नका म्हणून. ओळ कशाला काढायची?’ आणि वर म्हणाले, ‘बरं झालं आलीस. पुढच्या महिन्यापासून लेखन विभागाची प्रमुख तू.’ विभागात मी एकटीच आहे. मी माझीच प्रमुख होणार.

आणि मी काय केलं असेल? थँक्यू म्हणाले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता आणि तोंडाने थँक्यू! जिन्यात येऊन भिंतीला लाथ मारली, अंगठा दुखतोय अजून.

हे काम मला आवडतं गं. हीच तर पंचाईत आहे. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी म्हणतंय की हे हिच्याशिवाय दुसऱ्या कोणाला जमणार नाही. घरात ते सगळं तुला जमायचं.

निवासवाल्यांनी आज आणखी फलक मागवले. ओळ लोकांना फार लागतेय म्हणे. माझ्या खिडकीसमोरही एक लागलाय, मी पडदा ओढून बसलेय.

एक तारीख जवळ आली, ताई. शिव्या दे, पण काहीतरी लिही.

भिंगरी

२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं. तुझं पत्र मी माझ्याच हाताने इथे उतरवून काढतेय, कारण ते मनातल्या मनात म्हणताना मी तुझी वाक्यं बदलते, स्वतःला सोयीची करते. सवय लागलीये. म्हणून जसंच्या तसं:

‘भिंगरे, पत्रं मिळाली. बटणाचं मला माहीत आहे. तू सांगायच्या आधीच मी जाऊन पाहून आले होते. दाबलं, कोणी आलं नाही. खाली विचारलं तर म्हणाले, दुरुस्तीला टाकलंय. तरीही मी जागा सोडली नाही. तुझ्या जाहिरातीला भुलले असं समजून स्वतःला फार मोठी करू नकोस.

‘माझी पाठ गेलीये. मागच्या महिन्यात बाबांना कुशीवर वळवताना ते माझ्या हातातून सुटले. पलंगावरच पडले, लागलं नाही, पण रडले. मला म्हणाले, तुझी चूक नाही. त्या दिवशी नंबर लावला. तिथे रात्री एक का होईना, पाठ चालणारी बाई आहे. माझ्या तोंडचं तू जाहिरातीत घातलंस याचा राग आला. दोन दिवस जेवले नाही. मग वाटलं, निदान ऐकलं तरी होतं हिने.

‘जागा वाईट आहे हे पटवायला तू एवढे कागद भरलेस. सगळे पुन्हा वाचले. त्यात मी येते असं कुठेच नाही.’

खाली सहीसुद्धा नाही.

ताई, मी पहिल्यांदा चिडले. मग तुला खोटं पाडायला माझी पत्रं आठवून बघितली, कुठेतरी असेलच म्हणून. नाही. तिकिटाचं पान आहे, येणं नाही. मला खरोखर वाटत होतं की तुला खरं काय ते सांगितलं की झालं. मग तू काहीतरी करशील. नेहमी करतेस तसं.

दुपारी वडीलधाऱ्यांकडे गेले. किती दिवस, म्हणाले. म्हटलं, माहीत नाही. म्हणाले, मग त्याला रजा म्हणत नाहीत. मी म्हटलं, नाही म्हणत. या वेळी त्यांनी चहा मागवला नाही. निघताना दारात म्हणाले, बटणाची ओळ नव्या फलकांवरून काढतो. जुन्यांचं काही करता येणार नाही. खरं करतील की मला बरं वाटावं म्हणून बोलले, देव जाणे. आणि ते काढणार म्हणून मी येतेय असंही नाही.

मी येते. सत्तावीसला पोचते. दार उघडायचं की नाही ते तू बघ. नाही उघडलंस तर जिन्यात बसेन. मला भीती वाटतेय, तुझी नाही, बाबांची. त्यांनी ओळखलं नाही तर? आणि ओळखलं तर?

भिंगरी

२ मार्च, स्वयंपाकघरातलं टेबल

ताई,

तू झोपलीयस म्हणून लिहून ठेवते. तुला उठवून सांगण्यासारखं काही नाही.

बाबांना तीनला कुशीवर घेतलं. तू ओरडून शिकवलंस तसं, ओढायचं नाही, चादर धरून सरकवायचं. पहिल्यांदा चादरच हातात आली आणि बाबा जागेवर. ते हसले. तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसले. म्हणाले, ‘ताई बरी करते.’ मी म्हटलं, माहीत आहे हो, घरी सगळ्यांना ताईच बरी. दुसऱ्या खेपेला जमलं. औषध दिलं. खाणं अर्धंच गेलं, अर्धं माझ्या ओढणीवर आहे. ती भिजत घातलीये.

निवासातून फोन आला होता. काल तुम्ही आला नाहीत, जागा धरून ठेवू का, म्हणाले. तुझ्या वतीने ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं होतं, मिटलं. म्हटलं, ताई उठल्यावर सांगेल. तुला अजूनही न्यायचं असलं तर मी काही बोलणार नाही. सोबत येईन. सामान मी उचलेन.

तू माझ्याशी अजून नीट बोलत नाहीस, नुसते हुकूम सोडतेस. सोड. कालपासूनचे सगळे पाळलेत, एकच द्यायचा तू विसरलीस. झोपायला जाताना किती वाजता उठवायचं ते तू सांगितलं नाहीस. बाबा म्हणाले, वर्षभरात ही दुपारी आडवी झालेली बघितली नाही.

मी उठवणार नाहीये.